मालक मागे बसतात

पिशोरमध्ये गाडीची पत तिच्या आवाजावर ठरते. बुलेट कुणाची, पिकअप कुणाची, कुणाच्या ट्रॅक्टरवर कुठली गाणी वाजतात, हे आम्ही ओट्यावर बसून, मान न वळवता सांगतो. अद्रकीच्या गोण्या भरलेली गाडी पहाटे कन्नडकडे निघाली की नुसत्या गिअरच्या खरखरीवरून ड्रायव्हर ओळखणारे जाणकार आमच्या गल्लीत आहेत. अशा गावात मी आवाजच न करणारी गाडी आणली. तीही आलिशान, तीही वापरलेली आणि तीही फंडाच्या पैशांतून.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ऑक्टोबर २०१० मध्ये. आमचं जिल्ह्याचं गाव तेव्हा अजून औरंगाबाद होतं, आणि तिथल्या पैसेवाल्या मंडळींनी एकजूट करून, घाऊक भाव पाडून, एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. ६५ कोटींचा सौदा. स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं. आमच्या शिक्षकखोलीत तो पेपर इतका फिरला की मधल्या सुट्टीपर्यंत त्याची घडी फाटली. आमच्या शेजारच्या आबांनी मात्र त्या सगळ्या बातमीतला एकच आकडा वाचला. ट्रॅक्टरच्या कर्जाला ते त्याच्या जवळजवळ दुप्पट व्याज भरत होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मला विचारलं, “म्हणजे सर, आता मर्सिडीजनंच नांगरावं का काय?”

मी उत्तर दिलं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात मागच्या सीटवर बसलो होतो.

पण नुसती आलिशान गाडी घेणं माझ्यासारख्या विज्ञानाच्या शिक्षकाला शोभलं नसतं. जन्मभर नववीच्या पोरांना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवलेला. तेव्हा गाडीतही काही तत्त्व हवं. ते तत्त्व म्हणजे हायब्रिड. होंडाने २००८ साली सिव्हिक हायब्रिड भारतात आणली, साडेएकवीस लाखांना. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षी किंमत आठेक लाखांनी उतरवली. ते कात्रण मी ‘विज्ञान प्रदर्शन’ लिहिलेल्या फायलीत जपून ठेवलं होतं. एखाद्या शहाण्या माणसाने ते वाचून विचारलं असतं, की लोक ही गाडी का घेत नाहीत? मी त्यातून निष्कर्ष काढला, की थांबलं म्हणजे स्वस्त मिळतं.

म्हणून मी थांबलो. थेट निवृत्त होईपर्यंत थांबलो.

जालना रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात ती उभी होती. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. पुढे जे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही आणि उगीच कुणाला वाटायला नको. एके काळची तिची किंमत ऐकून आमच्या गावातला माणूस एकरांत हिशोब करू लागला असता, आणि आता ती एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती. “डॉक्टरांची गाडी आहे,” एजंट म्हणाला. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात झाडून सगळ्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात. वकील, इंजिनिअर आणि गुत्तेदार ही मंडळी बहुधा पायी फिरतात. मी मुरलेल्या गिऱ्हाइकाच्या थाटात टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला, एसीपुढे हात धरला आणि बॉनेट उघडून आत बराच वेळ गंभीर चेहऱ्याने पाहिलं. आत जाडजूड नारंगी केबली होत्या. रंगसंगती छान आहे म्हणून मी त्यातल्या एकीवरून हात फिरवणार, एवढ्यात एजंटने माझं मनगट धरलं. नारंगी रंग म्हणजे धोक्याची खूण. त्या केबलींतून दोनशेहून जास्त व्होल्ट खेळतात म्हणे.

“आपल्या घरी संध्याकाळी एवढे येत नाहीत,” सौ. म्हणाली.

ती मागच्या सीटवर बसली होती. त्या सीटची पाठ बटणाने मागे कलते, मधल्या हातटेकणीवर एसीची आणि गाण्यांची वेगळी बटणं, मागच्या काचेला पडदा, तोही बटणावर वर-खाली होणारा. पुढे काय आहे? स्टिअरिंग आहे. ही गाडी मालकाने मागे बसावं या हिशोबानेच बांधलेली आहे, हे सौ.ला बसल्याक्षणी उमगलं. ती उतरेचना. व्यवहार ठरला तो असा.

मग मी चालवून बघायला बसलो. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं, एवढंच. दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. “बॅटरी उतरलीय वाटतं,” असं म्हणत मी आणखी दोनदा दाबलं, तेव्हा एजंट अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, चालू झाली होती. तुम्ही बंद केली. मग परत चालू केली. आता परत बंद केलीत.” ही गाडी चालू झाली की समोर ‘रेडी’ असं एक बारकं हिरवं अक्षर उजळतं आणि बाकी सगळं सामसूम. आमच्या गावात एवढी शांतता फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी, तीही काही घरांतच असते.

फॉर्म २९, फॉर्म ३०, विम्यावरचं नाव, हे सगळं एजंटने केलं. गाडी एमएच २० चीच असल्यामुळे ना-हरकतीचा फेरा वाचला. माझ्या वाट्याला फक्त गाडी घरी न्यायचं काम आलं.

दौलताबादपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथे वेरूळकडे जाणारा रस्ता किल्ल्याच्या तटातल्या दिल्ली दरवाजातून जातो, आणि त्या दरवाजात एका वेळी एकच मोठं वाहन मावतं, त्यामुळे दोन्हीकडे रांग. मी थांबलो आणि गाडी बंद पडली. इंजिनाची जी काय थोडीफार गुरगुर होती तीही गेली. मी उतरलो, बॉनेट उघडलं, नारंगी केबलींपासून चार बोटं लांब राहून आत पाहिलं, पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. पुढची रांग कधीच दरवाजापार झाली आणि मागे वेरूळची लेणी बघायला निघालेल्या दोन बसेस, एक उसाचा ट्रॅक्टर आणि एक वरात खोळंबली. शेवटी मागच्या बसचा ड्रायव्हर खाली आला, माझ्या खिडकीतून आत डोकावला आणि म्हणाला, “काका, ही थांबली की इंजिन आपोआप बंदच होतं. बॅटरीवर उभी हाये ती. दाबा ॲक्सिलेटर.” दाबलं. गाडी निघाली. १३२७ साली महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून इथेच आणली होती. पूर्ण विचारांती घेतलेल्या निर्णयांचं या जागेला वावडं नाही.

गावात पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच विचारलं, “पिन कुठं लावायची?” मी वर्गात बोलायचो त्या आवाजात समजावलं, की हिला पिन नसते, ब्रेक दाबला की चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होते आणि ती मागच्या बॅटरीत साठते. “म्हंजे फुकट?” आबांनी विचारलं. “फुकट,” मी म्हणालो. गर्दीत माझा एक जुना विद्यार्थी उभा होता, आता त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तो हळूच म्हणाला, “सर, ऊर्जा निर्माण होत नाही असं तुम्हीच शिकवलं होतं ना? आधी पेट्रोल जाळून पळवायची, मग ब्रेक मारून त्यातलं थोडं परत घ्यायचं. फुकट कसं?” या पोराला मी नववीत दोन गुण कमी दिले होते. ते किती योग्य होतं हे मला तेव्हा पटलं.

तरी फुकटची ओढ सुटेना. मोकळ्या रस्त्यावर मी उगाचच ब्रेक दाबू लागलो. अशी गाडी फायद्याची असते ती शहरात, जिथे दर चौकात थांबावं लागतं. पिशोरमध्ये सिग्नल नाही, म्हणून ती उणीव मी स्वतः भरून काढत होतो. मागून येणारा मोटारसायकलवाला शिव्या घालत पुढे जायचा, सौ. मागून विचारायची, “आता का थांबलात?” आणि मी म्हणायचो, “वीज साठवतोय.” पेट्रोलचा हिशोब वहीत मांडला तेव्हा आकडा एजंटने सांगितलेल्याच्या पुष्कळ खाली आला. वही मी विज्ञान प्रदर्शनाच्या फायलीत ठेवली.

मग मला कन्नडचा घाट आठवला. औट्रम घाटाने चाळीसगावकडे उतरायचं म्हणजे मैलोगणती नुसता ब्रेक. बॅटरी काठोकाठ भरणार. पाटणादेवीच्या दर्शनाचं निमित्त काढलं. “आणि येताना चढायचं कसं?” असं सौ.ने विचारलं, पण अशा शंका घेणाऱ्यांमुळेच देश मागे राहतो. अर्धा घाट उतरलो तोवर पडद्यावरची बॅटरी खरोखर भरली, मी अभिमानाने मागे वळून दाखवणार, तोच ती इतके दिवस मुकी असलेली गाडी एकाएकी किंचाळायला लागली. बॅटरीत जागा उरली नाही की ही गाडी उताराचा जोर इंजिन फिरवून जिरवते, हे पुस्तकात लिहिलं आहे. पुस्तक घरी होतं. मी देवीचा धावा करत पायथा गाठला. पाटण म्हणजे भास्कराचार्यांच्या घराण्याचं गाव, त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख तिथे आहे. त्या भूमीत उभं राहून मी जाण्यायेण्याच्या पेट्रोलचा हिशोब करायचं टाळलं.

जुलै २०२४ मध्ये आबा पेपर घेऊन स्वतः घरी आले. टोयोटाने संभाजीनगरात कारखाना काढण्याचा सरकारशी करार केला होता, २० हजार कोटींचा; विजेच्या आणि हायब्रिड गाड्या तिथेच निघणार. “जरा थांबला असता सर,” आबा म्हणाले. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

त्याच पावसाळ्यात गाडी बरेच दिवस लिंबाखाली उभी राहिली आणि एक दिवस दारच उघडेना. या गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते. मोठी कितीही भरलेली असो, छोटी उतरली की गाडी जागीच होत नाही. ती छोटी बॅटरी डिकीत आहे. डिकी विजेवर उघडते. वीज त्या बॅटरीत आहे. या कोड्याभोवती अर्धी गल्ली जमली. शेवटी कुणाच्या तरी सातवीतल्या मुलीने माझ्या हातातला रिमोट घेऊन त्याच्या पोटातून एक लोखंडी किल्ली उपसून काढली आणि दार उघडलं. ती किल्ली तिथे होती हे मला ठाऊक नव्हतं. मग आबांनी ट्रॅक्टर आणला, पुस्तकात दाखवलेल्या जागी बॉनेटखाली वायर जोडली, आणि दुप्पट व्याजाच्या त्या ट्रॅक्टरने माझ्या आलिशान गाडीला धक्का देऊन उठवलं. आबा काही बोलले नाहीत. फक्त जाताना विचारलं, “डिकीत अद्रकीच्या गोण्या किती बसतील?” मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीशी असल्यामुळे डिकी आखूड आहे. “एक,” मी म्हणालो. “आडवी केली तर.”

परवा बीड बायपासवरच्या एका लॉन्सवर सौ.च्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. सौ. पैठणी नेसून मागे बसली, पडदा वर केलेला. फाटकावरच्या वॉचमनने धावत येऊन तिचं दार उघडलं, कडक सलाम ठोकला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “गाडी तिकडं मागं लावा. ड्रायव्हर लोकांचं जेवण जनरेटरजवळ आहे.” मी सौ.कडे पाहिलं. ती पदर सावरत पायऱ्या चढत होती.

जनरेटरजवळची पंगत छान होती. वांग्याची भाजी आत मिळत होती तीच, आणि आहेर करावा लागत नव्हता. शेजारी बसलेल्या एका जाणत्या ड्रायव्हरने माझी गाडी ओळखली. त्याने विचारलं, मागच्या सीटशेजारची जाळी साफ करता का? कसली जाळी? मोठी बॅटरी गार ठेवायला तिथून हवा ओढली जाते. जेवून आम्ही पाहायला गेलो. जाळीत भुईमुगाची टरफलं, मक्याचं भूस आणि सौ.चा हरवलेला हातरुमाल निघाला. त्याने फुंकर मारून सगळं झाडलं, उताराला कोणता गिअर टाकायचा, छोटी बॅटरी किती दिवसांनी जागवायची, सगळं नीट समजावलं. कोणी शिक्षक इतकं छान समजावताना मी पाहिलेला नाही. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, “काका, या वयात गाडी चालवता. मॅडम पगार किती देतात?”

“काहीच नाही,” मी खरं ते सांगितलं. “माझीच पेन्शन त्या घेतात.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, कन्नडला एका पार्टीला ड्रायव्हर पाहिजे, माणसं चांगली आहेत, जेवून-खाऊन पंधरा हजार.

नंबर मी लिहून घेतला.