झुंबराखालची आंघोळ

एकेकाळी शहाबादी फरशी, तांब्याचा बंब आणि कोपऱ्यात टाच घासायचा दगड असला की न्हाणीघर सजलं असं समजायचे. आता भिंतीभिंतीवर केळीची पानं हवीत, पानांत फ्लेमिंगो हवेत, सोनेरी नळ हवा आणि वर झुंबर. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोरबीच्या टाइलवाल्यांना मात्र ते चोख ठाऊक आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा मागते. म्हणजे जेमतेम तीस चौरस फूट. बिल्डर बहुधा त्याच आकड्यावर थांबतो. तेवढ्यात कमोड, गीझर, वॉशिंग मशीन आणि अख्खं ॲमेझॉनचं जंगल! डोक्याला साबण लावून मागे वळलं की कोपर थेट फ्लेमिंगोच्या चोचीवर.

काळ्या टाइलची तर गंमतच. बोअरवेलच्या पाण्यातला क्षार महिनाभरात तिच्यावर पांढरे ओघळ काढतो. त्या नक्षीचे पैसे इंटीरिअरवाला घेत नाही, हे त्याचे उपकार. मग पांढरं काढायला ॲसिड येतं, आणि स्वस्तातल्या नळाचं सोनंही त्याच्यासोबत गटारात जातं.

आणि या सगळ्या राजवैभवाच्या मधोमध काय? रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, अंगावर कंपनीचं अर्धवट खरवडलेलं नाव, आत तरंगणारा कानतुटका मग. ती हलवायची कोणाची छाती नाही.

सजवा, जरूर सजवा. फक्त वॉलपेपर निवडण्याआधी तांब्याभर पाणी ओतून बघा, उतार जाळीकडे आहे की दाराकडे.