एक्कावन्न दातांचं जनावर

नंदुरबार जिल्ह्यात सायकल घ्यायची तर आपण नेमके कुठल्या जिल्ह्यात राहतो, ते आधी ठरवावं लागतं. कागदोपत्री जिल्हा एकच, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघालेला. पण सायकलीवर बसलं की त्याचे दोन होतात. एक तापीकाठचा: काळी जमीन, ऊस, केळी, पपई, मिरची आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. दुसरा सातपुड्यातला: तिथे सपाट म्हणजे फक्त कॅरमबोर्ड. मी शहाद्याला राहतो, म्हणजे दोन्हींच्या सीमेवर. सकाळी तापीकडे वळलो तर प्रकाशा येतं, तापी-गोमाईचा संगम दिसतो आणि सदरा कोरडा राहतो. डोंगराकडे वळलो तर म्हसावद, राणीपूर आणि पुढे तोरणमाळचा घाट. हा घाट एकदा धरला की सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या यशवंत तलावापाशीच माणसाला सोडतो. तळोद्याकडून धडगावला चढणारा चांदसैलीचा घाट तर वेगळाच. त्याचं नाव काढलं की माझा गुडघा आधी दुखतो.

दोन्हीकडे जायचं असेल तर दोन सायकली घ्याव्यात, असं पुण्याचे लोक सांगतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये एक ठेवायलाही जागा नसते, तरी सांगतात. मला एकीवरच भागवायचं होतं.

घरात होती ती ‘डबल शॉकर’. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, गिअर अठरा. अठरांपैकी नांदते दोनच: एक मी टाकायचो तो आणि एक आपोआप पडायचा तो. मागची स्प्रिंग खड्डे सोडून बाकी सगळ्याची दखल घ्यायची, विशेषतः पॅडलची. घाटात जोर लावला की सीट खाली, जोर सोडला की वर. तोरणमाळला मी जितका पुढे गेलो, त्याहून जास्त वर-खाली झालो. ब्रेकचे गुटके झिजून रिमवर लोखंड घासायचं आणि त्या किंकाळीने उतारावरची गुरं आपणहून बाजूला व्हायची; घंटी लावायची वेळच आली नाही. चाकांचा आऊट काढून काढून थकलेल्या मिस्त्रीने शेवटी निकाल दिला, “सर, चाक सरळ आहे. आता सायकल वाकडी आहे.”

तेव्हा ठरलं, हार्डटेल घ्यायची. म्हणजे शॉकर फक्त पुढच्या चिमट्यात. मागचा सांगाडा अखंड आणि ताठ. पायातला जोर थेट चाकात जातो. मागे बिजागरी नाही, त्यामुळे धूळ शिरायला तेवढी जागा कमी, आणि आमच्याकडची धूळ जागा दिसली की शिरतेच. उरलेले गचके गुडघ्यांनी झेलायचे. गुडघ्यांची वॉरंटी कंपनी देत नाही.

खरी अडचण अशी, की आमच्या घरात कुठलीही खरेदी नानांना वगळून होत नाही. नाना माझे थोरले काका. उभं आयुष्य त्यांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात काढलं. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे उतरतात, आणि नाना नुसते फिरायला आले तरी दलाल खुर्ची पुढे करतात. खरेदीचं शास्त्र जगात एकच, घोड्याचं. ट्रॅक्टर, जावई आणि मोबाइल हे त्याचे पोटविभाग, असं त्यांचं मत. डबल शॉकर त्यांनी घरी आली त्याच दिवशी नापास केली होती. “कंबरमा लुळी शे. घाटमा बसी जाई.”

नानांवर छाप पाडावी म्हणून मी त्यांना डोंगरी सायकलीचा इतिहास सांगितला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली ट्रकमध्ये घालून टमालपायस डोंगरावर न्यायची आणि कच्च्या वाटेने खाली सुटायची. उतारात मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग ते नव्याने भरायचं. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी सांगाडा बनवला, १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ दुकानात आली, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाची पदकं वाटली गेली. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“वर ट्रकने जायचे ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग काय कौतुक! आपला दूधवाला कॅन बांधून वरही सायकलनेच जायचा.”

पहिला वाद पेटला चाकावरून. जुनी सायकल २६ इंची. चांगल्या डोंगरी सायकलीत तो आकार आता जवळपास इतिहासजमा झालाय. निवड राहते २७.५ आणि २९ मध्ये. २७.५ वळणात चपळ, २९ दगडधोंड्यांवरून बिनबोभाट लोळत जातं. मी म्हटलं, “नाना, २९ घेऊ. एवढं मोठं चाक आपल्या घरात कधी आलंच नाही.”

नाना ओट्यावरून उठले आणि गोठ्यातून आजोबांची काळी सायकल बाहेर काढली. टायरच्या कडेला रिमचा व्यास बारीक आकड्यांत छापलेला असतो. नानांनी अंगठ्याला थुंकी लावून तिथली धूळ पुसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचलं, “सहाशे पस्तीस.” मिलिमीटर. २९ इंचीचा आकडा माझ्या वहीत आधीच उतरवलेला होता: ६२२. म्हणजे नवलाईच्या चाकापेक्षा गोठ्यातली रिम १३ मिलिमीटरने मोठी! मग ते २९ इंच आले कुठून? टायरच्या जाडीतून. काळ्या सायकलीला दीड इंची टायर, हिला सव्वादोन इंची.

“हाडाने लहान, चरबीने मोठं,” नाना म्हणाले. मग काळ्या सायकलीच्या सीटखालच्या दोन जाड स्प्रिंगा बोटाने वाजवून, “आणि हा मागचा शॉकर,” असं सांगून त्यांनी ती परत गोठ्यात नेली.

दुसरा वाद काट्याचा. तो कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता, कारण माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या रानात देवदार असतात. आमच्याकडे बाभूळ असते, आणि पाटाच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ. शेताला कुंपण म्हणून तिच्याच फांद्या टाकतात आणि त्यातला निम्मा माल गाडीवाटेवर येऊन पडतो. टायर जाड आहे म्हणून काटा भीड बाळगत नाही. यावर उपाय ट्यूबलेस: आत ट्यूबच नाही, त्याऐवजी कटिंगभर पांढरा चीक. काटा उपसला की चीक भोकात शिरून थिजतो आणि हवा कोंडून राहते.

हे मी आमच्या पंक्चरवाल्या चाचांना समजावून सांगितलं. पाण्याच्या घमेल्याकडे बघत ते म्हणाले, “ट्यूबच नाही? मग मी बुडवू काय?” पण हा चीक आमच्या उन्हात झपाट्याने सुकतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवा भरावा लागतो, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “घ्या सर, बिनधास्त घ्या. एक ट्यूब मात्र बॅगेत ठेवा. चीक आटला की आम्ही आहोतच.”

मग सांगाडा. स्टीलचा मोडला तर गल्लीतला वेल्डर जोडून देतो. अॅल्युमिनियम हलकं, पण ते जोडणं त्याच्या हातचं काम नाही. मी हलकेपणाच्या बाजूने कौल दिला, कारण सांगाडा मोडेल की नाही ते पुढचं पुढे, घाट मात्र दर रविवारी. चिमट्यात स्प्रिंग की हवा? हवेच्या चिमट्यात पंपाने दाब कमी-जास्त करून स्वाराच्या वजनाशी जुळवता येतो. दिवाळीआधीचा मी आणि फराळानंतरचा मी ही दोन वेगवेगळी वजनं असल्याने हवा आवश्यक ठरली. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क, यावर घरात एकमत झालं. त्या किंकाळीला सगळेच कंटाळले होते.

बायकोची अट एकच होती: क्यारेल. ती शाळेत शिकवते. “मानव विकास कार्यक्रमात आमच्या मुलींना सायकली मिळतात. त्यांच्या क्यारेलवर दप्तर येतं, धाकटी बहीण येते, परतताना दळणही येतं. आणि साठ-सत्तर हजारांच्या सायकलीवर मेथीची जुडी ठेवता येत नाही?” याला सायकलशास्त्रात उत्तर नाही. तेव्हा मागच्या सांगाड्याला क्यारेल बसवायची भोकं असलेलीच सायकल शोधायची, असं ठरलं. मडगार्डचीही भोकं हवीत, कारण पावसाळ्यात काळी माती स्वाराच्या पाठीवर आपला नकाशा काढते.

खरेदी सुरतेला. गाडीने नाना, मी आणि पुतण्या निघालो. दुकान गार, भिंतीवर सायकली टांगलेल्या, विक्रेता पोरगा इंग्रजी फाडणारा. नानांनी त्याला आडनाव विचारलं, मग गाव. पोरगा निघाला उधन्याचा, मूळ दोंडाईचाचा. सुरतेत हे असं होतंच. उधना-लिंबायतमध्ये निम्मं खानदेश वसलंय. दुसऱ्याच मिनिटाला पोरगा अहिराणीवर आला.

नानांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली. पुढचं चाक उचलून सोडलं. चिमट्यावर दोन्ही हातांनी भार देऊन १२० मिलिमीटरचा खेळ पाहिला. चिमट्याचा कोन ६७ अंशांचा, जुन्या सायकलींपेक्षा जास्त पुढे झुकलेला, म्हणून उतारावर सायकल तोंडावर जात नाही, असं पोरगा सांगू लागला. तोवर नानांनी “छाती पुढे टाकलीय, चांगलं” असा शेरा मारून टाकला होता. हँडलखाली नळ्या जुळतात तिथल्या वेल्डिंगवरून त्यांनी अंगठा फिरवला. घोड्याच्या गळ्यावर देवमणाचा भोवरा बघतात, तो तिथेच. मग ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले.

“दात किती?”

“मोठ्या चक्राला एक्कावन्न, बाबा.”

नाना बराच वेळ गप्प राहिले. “घोड्याला चाळीस असतात,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि गिअर?”

“बारा.”

“आधीच्या सायकलीला अठरा होते. सहा कुठे गेले?”

पोरगा चांगला होता. त्याने समजावलं, की पुढे तीन चक्रं असायची तिथे आता बत्तीस दातांचं एकच. पडणारी चेन गेली, गोंधळ गेला. सगळ्यात हलक्या गिअरवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरही सरकत नाही, म्हणून कितीही उभा चढ निघतो.

“म्हणजे चालत गेला तर लवकर पोचेल.”

“हो बाबा. पण असा बसून पोचेल.”

एवढ्या एका उत्तरावर नानांनी त्याला पास केलं. मग पोरग्याने शेवटचा हुकमी पत्ता काढला, ड्रॉपर सीटपोस्ट. हँडलवरचं बटण दाबून सीटवर भार दिला की ती खाली जाते, उतारावर अंग मागे टाकता येतं. पुन्हा दाबलं की वर. नानांनी ते स्वतः दाबून पाहिलं. “स्वाराला बसता यावं म्हणून खाली होणारा घोडा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. हीच घे.”

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा नानांनी खांद्यावरचं उपरणं काढून पोरग्याच्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली घातला. जनावरांच्या बाजारात भाव असाच होतो, बोटांनी, झाकून. आजूबाजूची तंग कपड्यांतली गिऱ्हाइकं बघत राहिली. पोरगा आधी दचकला. मग त्याच्या चेहऱ्यावर त्याच्या आजोबांची ओळख उमटली आणि उपरण्याखाली हालचाल सुरू झाली. छापील किंमत एक रुपयाने उतरली नाही. पण पंप, बाटली, चिकाचे दोन डबे आणि क्यारेल असं सगळं फुकटात आलं. “भाव मिळाला नाही,” नाना बाहेर येऊन म्हणाले, “खोगीर मिळालं.”

सायकल खरंच गुणी निघाली. तोरणमाळच्या घाटात एकही पॅडल वाया गेलं नाही. मी सावकाश चढलो, पण जेवढा चढलो तेवढा पुढेच गेलो. उतारावर मात्र नवाच पेच. हायड्रॉलिक ब्रेक आवाज करत नाहीत, त्यामुळे गुरं हलेनात. शहाद्यात आल्या आल्या पहिली खरेदी घंटीची केली.

पुढचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सायकल सगळ्यांच्या अटी पुऱ्या करून आणली होती, तेव्हा ती सगळ्यांना हवी झाली. पुतण्याला पहाटे व्यायामशाळेत जायला हवी. मेहुण्याला मळ्यात मोटार सुरू करायला हवी, कारण बांधावरच्या काट्यांना ती दाद देत नाही. बायकोला बाजाराला हवी, कारण क्यारेल. पूर्वी दुसऱ्याची सायकल न्यायची तर सीट वर-खाली करायला पान्हा शोधावा लागे, आणि तेवढ्या कंटाळ्यानेच निम्मे लोक परत जात. ड्रॉपरने ती शेवटची अडचणही दूर केली. बटण दाबलं की सायकल ज्याच्या-त्याच्या उंचीची होते. रविवारी पहाटे माझ्या वाट्याला डबल शॉकर उरते. जुनी देऊन नवी घेताना ती कुणीच घेतली नव्हती.

नानांपाशी गाऱ्हाणं मांडलं तर म्हणाले, “ज्या घोड्यावर कोणीही बसतं, तो टांग्याला जुंपल्यातच जमा.”

म्हणून हार्डटेल निवडणाऱ्यांना अनुभवाचा सल्ला देतो. चाक २९ इंची घ्या, टायर ट्यूबलेस घ्या, ब्रेक हायड्रॉलिक घ्या, चिमट्याला १२० मिलिमीटरचा खेळ पुरे. सीट तेवढी साध्या नटबोल्टची घ्या, घट्ट आवळा, आणि पान्हा स्वतःच्या खिशात ठेवा.