गाऊन धुवा, जाळू नका

ऑपरेशन थिएटरमधला गाऊन एकदा अंगात घालायचा आणि पिवळ्या पिशवीत टाकायचा, हे आता बंद व्हायला हवं. पिवळी पिशवी म्हणजे भट्टी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेलं टाकाऊ कापड तिथेच जातं. आणि हा गाऊन दिसतो कापडाचा, असतो पॉलिप्रोपिलिनचा. म्हणजे प्लॅस्टिकच. एका ऑपरेशनपुरतं वापरायचं आणि जाळायचं.

कुठे जाळायचं, ते गोवंडीकरांना विचारा. मुंबईच्या हॉस्पिटलांचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या दाराशी जळत आला. ते उच्च न्यायालयात गेले आणि २०२३मध्ये हा कचरा जाळणारा प्रकल्प खालापूर तालुक्यात हलवण्याचा आदेश झाला. त्यांना न्याय मिळायलाच हवा होता. पण भट्टीचा पत्ता बदलल्याने तिच्यात जाणारा एकही गाऊन कमी होत नाही.

जंतुसंसर्गाचं काय, असं सर्जन विचारतील. विचारायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या सूचनांनुसार निर्जंतुक केलेला, पुन्हा वापरायचा विणलेला गाऊन चालतो. एकदाच वापरायचाही चालतो. जुन्या सुती हिरव्या गाऊनमधून रक्त आरपार यायचं, ही तक्रार खरी होती, आणि तो गाऊन परत आणा असं मी म्हणत नाही. आताचे गाऊन घट्ट विणीच्या पॉलिएस्टरचे असतात, छातीला आणि बाह्यांना द्रव अडवणारा थर असतो, आणि ते पुन:पुन्हा धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करता येतात. अमेरिकेत २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने गाऊन बनवण्यापासून टाकून देईपर्यंतचा हिशेब मांडला. एकदाच वापरायच्या गाऊनच्या तुलनेत पुन्हा वापरायच्या गाऊनला धुलाई आणि वाफ धरूनही ऊर्जा ६४ टक्के कमी, घनकचरा ८४ टक्के कमी. ‘धुवायला पाणी लागतं’ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं: पाणी ८३ टक्के कमी.

दूर जायलाही नको. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागचं कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढं मोजलं गेलं. वस्तू निर्जंतुक करून पुन्हा वापरणं हे त्यामागचं मोठं कारण.

मग अडतं कुठे? बिलात. वापरून फेकायचा संच ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून रुग्णाच्या नावावर चढवता येतो. धुलाईघराचा पगार, बॉयलर, ऑटोक्लेव्हची देखभाल मात्र हॉस्पिटलच्या खर्चात बसते. जे रुग्णाच्या खिशातून जातं, त्याची काटकसर करायची घाई कोणाला असणार?

महापालिकांनी आणि धर्मादाय रुग्णालयांनी सुरुवात करावी. पुढच्या निविदेत गाऊनची किंमत नगावर न पाहता दर वापरामागे किती पडते ते पाहा. आणि गाऊन घेण्याआधी धुलाईघरातली, निर्जंतुकीकरण विभागातली रिकामी पदं भरा. माणसं नसतील तर उत्तम गाऊनही स्वच्छ होणार नाही.