बंडखोर ससा, गाळा नंबर अमुक

१९४० साली पडद्यावर अवतरलेला बग्ज बनी गाजर कुरतडत बंदूकवाल्याला मामा बनवतो. कुणालाच भीक न घालणं ही अमेरिकेची ‘कूल’ अदा. आता हा बंडखोर टी-शर्टवर छापून भिवंडीच्या गोदामात येतो, बारकोडसकट. त्याला खोक्यात भरणाऱ्या कंत्राटी पोराने सुपरवायझरसमोर तशीच भुवई उडवून बघावी! संध्याकाळपर्यंत हिशेब हातात. आपल्या तमाशातला सोंगाड्या भर गावात पाटलाची टोपी उडवायचा, तीही बहुधा पाटलाच्याच सुपारीवर. दादा कोंडक्यांनी १९७१च्या ‘सोंगाड्या’तून त्याला थिएटरात आणलं. त्यांची ती लोंबत्या नाडीची हाफ पँट मात्र कुठल्या ब्रँडला सुचलेली दिसत नाही. भिवंडी तर यंत्रमागांचं शहर आहे, कापडाची तरी अडचण नसावी.