गुरुवारी मटणावर सूट? शिव शिव!

मी कुणाचं नाव घेणार नाही. घेतलं तर पुढच्या रविवारी आमच्या वाटीतला रस्सा पातळ येईल. चाकण ते आळंदी या टापूत एक हॉटेल आहे, मटण थाळीसाठी लोक तिथे नंबर लावतात, एवढ्यावर भागवा. तर त्या हॉटेलच्या गल्ल्यावर, बडीशेपेची वाटी आणि गजानन महाराजांचा फोटो यांच्या मधोमध, शेठच्या पुतण्याने काळी खिडकी उघडलीय!

काळी खिडकी म्हणजे लॅपटॉपचा पडदा काळाकुट्ट, त्यावर पांढरी अक्षरं, ना चित्र ना बटण. मी बिल द्यायला उभी होते. म्हटलं, “अरे, हे बिघडलंय का?” तर पोरगं म्हणतं, “काकू, हे टर्मिनल आहे. एजंट जोडलाय.” एजंट! आम्हाला एजंट ठाऊक दोनच, एक एलआयसीचा आणि एक जमिनीचा. चाकणात दुसरेच फार.

मग त्याने माझ्या डोळ्यांदेखत टाइप केलं. मराठीच, पण मोबाइलवर लिहितात तशा इंग्रजी अक्षरांत: काल रात्री धंदा किती झाला, मटण थाळ्या किती गेल्या? खिडकीत चार-पाच ओळी भराभर पळाल्या आणि उत्तर हजर. रोख इतकी, यूपीआय इतकं, थाळ्या इतक्या, त्यातल्या पार्सल इतक्या. हा हिशेब कळायला शेठला एरवी रात्रीचे साडेबारा वाजतात, तेही दोनदा मोजून, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा.

घरी येऊन मी नीट चौकशी केली, कारण अर्धवट माहितीवर नावं ठेवणं मला आवडत नाही. हॉटेलात बिलाचं सॉफ्टवेअर असतं. अहमदाबादची पेटपूजा ही कंपनी या धंद्यात आहे, बाकीच्याही पुष्कळ. कॅप्टनने टॅबवर ऑर्डर घेतली की किचनमध्ये केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, छापून येते, त्यावरून बिल होतं आणि माल वजा होतो. सगळं आत साठलेलं असतं, पण बाहेर काढायला दहा बटणं दाबून रिपोर्ट शोधावा लागतो. आता या सॉफ्टवेअरची किल्ली, ज्याला पोरं एपीआय की म्हणतात, ती एजंटाच्या हातात द्यायची. एजंट स्वतःच कमांड लिहितो, सॉफ्टवेअरला विचारतो, आलेलं वाचतो आणि आपल्याला साध्या भाषेत सांगतो. मधली जोडणी सगळ्यांना एकसारखी व्हावी म्हणून अँथ्रोपिक कंपनीने 2024 च्या नोव्हेंबरात एमसीपी नावाची पद्धत काढली. थ्री-पिनचा सॉकेट समजा, कुठलाही प्लग बसतो. मग 2025 च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीचा टर्मिनलमध्ये चालणारा एजंट, क्लॉड कोड, आला, जूनमध्ये गूगलचं जेमिनी सीएलआय आलं, आणि काळी खिडकी तळवड्याच्या आयटी पार्कातून निघून थेट मटणाच्या पातेल्यापर्यंत पोचली. आमच्या चाकणच्या संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शाइस्तेखानाला जवळजवळ दोन महिने झुंजवलं. इथे पुतण्याने दोन संध्याकाळींत तट पाडला.

बरं, पाडला तर पाडला. पुढे काय झालं ते ऐका.

एजंटाला म्हणे विचारलं, धंदा वाढवायला काय करू? त्याने वर्षभराची बिलं चाळली आणि एक शोध लावला. गुरुवारी हॉटेलात गर्दी भरपूर, पण मटण एकदम बसतं, पनीर आणि शेवभाजीच जोरात. महिन्यातून आणखी दोन दिवसही तसेच. सबब गुरुवारी, आणि त्या दोन दिवशीही, मटण थाळीवर वीस टक्के सूट द्यावी!

शिव शिव शिव! अरे बाबा, पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते म्हणून गर्दी, आणि गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा म्हणून पनीर. आणि ते महिन्यातले दोन दिवस म्हणजे एकादशी! इकडे देहू, तिकडे आळंदी, मधून इंद्रायणी वाहतेय, आणि हा एकादशीला तांबड्या रश्श्यावर सूट देणार! वहिनींनी, म्हणजे शेठच्या मंडळींनी, ते ऐकून गल्ल्यावरच्या फोटोसमोर कान धरले. पुतण्याने मग एजंटाला वार, एकादशी, श्रावण, सगळं लिहून दिलं. एजंटाने नम्रपणे चूक कबूल केली म्हणतात. आमच्या सुनेने शिकावं असं काहीतरी निघालं तर त्यातून.

पण मी म्हणते, एजंटाला तरी का हसावं? त्याची घरची मंडळी त्याहून वरचढ. अँथ्रोपिकवाल्यांनी 2025 मध्ये आपल्याच ऑफिसातलं छोटं दुकान एका एआयला चालवायला दिलं होतं, नाव ठेवलं क्लॉडियस. कुणीतरी गंमत म्हणून टंगस्टन धातूचे ठोकळे मागितले, तर याने मागवले आणि तोट्यात विकले. ज्याने गोड बोलून मागितली त्याला सूट. एके दिवशी तर गिऱ्हाइकांना कळवलं, मी निळा कोट आणि लाल टाय घालून माल स्वतः आणून देतो. कोट! ज्याला अंगच नाही त्याने! आपल्याकडचे सासऱ्याच्या पैशाने दुकान टाकणारे जावई आठवले मला.

खरा बॉम्ब मात्र वेगळाच फुटला. वहिनींना कित्येक महिने संशय होता की कॅप्टन हात मारतोय. लातूरकडचं पोरगं, गरीब, त्यामुळे संशय लगेच चिकटतो. हॉटेलातली चोरी कशी असते माहितीय ना? जेवण जातं, रोख घेतली जाते आणि मागाहून केओटी रद्द होते. कागदावर जेवण झालंच नाही. वहिनींनी पुतण्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, विचार तुझ्या त्या काळ्याला, रद्द झालेल्या केओटी दाखव म्हणावं.

दाखवल्या त्याने. बहुतेक सगळ्या रात्री साडेदहानंतरच्या. बहुतेक सगळ्या अकरा नंबरच्या टेबलाच्या, कोपऱ्यातल्या. दर वेळी सुकं मटण, वजडी, भाकऱ्या, मागून सोलकढी. आणि रद्द केल्या कुणाच्या लॉगिनवरून? कॅप्टनच्या नव्हे. खुद्द शेठच्या!

अकरा नंबरला कोण बसतं हे अख्ख्या रस्त्याला ठाऊक आहे. शेठचे मावसभाऊ आणि त्यांची चौकडी. जमीन कंपनीला गेली, पैसे आले, पैसे गेले, जेवणाची सवय राहिली. त्या रात्री वहिनींनी शेठला काय ऐकवलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी रस्सा इतका जाळ होता की टेम्पोवालेसुद्धा ताक मागत होते.

तरी पुतण्याची हौस फिटली नाही. एजंट प्रत्येक बदलाआधी परवानगी विचारतो, याचा त्याला कंटाळा. अशा एका एजंटात परवानगी न विचारता धावण्याची सोय आहे आणि तिच्या नावातच इंग्रजीत ‘धोकादायकरीत्या’ असा शब्द घातलाय. म्हणजे विषाच्या बाटलीवर कवटी काढली, तरी हा झाकण उघडून वास घेणार. घेतला! रविवारी संध्याकाळी फर्मान सोडलं, संपलेले पदार्थ ऑनलाइन मेनूतून काढ. वस्ताद, म्हणजे आचारी, मटण आणतात खाटकाकडून, पैसे देतात खिशातून, आणि त्याची नोंद करतात मनात. सॉफ्टवेअरच्या हिशेबी मटण शून्य किलो. एजंटाने मटणाचे झाडून सगळे पदार्थ बंद केले. आत पातेलं उकळतंय, बाहेर अॅपवर फक्त डाळ तडका. तास-दीड तास कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यातल्या त्यात समाधान म्हणजे अमेरिकेत 2025 च्या जुलैत रेप्लिटच्या एजंटाने, काही बदलू नको म्हणून बजावलेलं असताना, एका उद्योजकाचा चालू डेटाबेसच पुसून टाकला होता. आपलं निदान डाळीवर निभावलं.

हे सगळं मी आमच्या ह्यांना तिखटमीठ लावून सांगितलं. आमचे हे तीस वर्षं भोसरीत सीएनसीवर सेटर होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, “काळी खिडकी काय घेऊन बसलीस? आम्ही जन्मभर त्यावरच जेवलो. एम झिरो थ्री म्हटलं की स्पिंडल फिरला, एम थर्टी म्हटलं की प्रोग्रॅम संपला. पण नवा प्रोग्रॅम पहिल्याच जॉबला ऑटोवर कुणी सोडतं का? सिंगल ब्लॉक लावायचा. एक ओळ चालते, मशिन थांबतं, आपण बघायचं, मग बटण. ऑफसेट चुकलेला असला आणि जी झिरो झिरोने सोडलं, की टूल थेट जॉबमध्ये. ठोकलं त्याने, दुसरं काय!”

पुढच्या रविवारी ह्यांनी हे पुतण्याला सांगितलंसुद्धा. पोरगं इंजिनियर, पण ऐकलं. आता एजंट बघतो सगळं, पण हात लावायच्या आधी थांबतो. आणि परवानगीचं बटण वहिनींकडे.

परवा आम्ही निघताना पावणेअकरा झाले होते. आतून शेठचा आवाज आला, “अकरा नंबर कॅन्सल कर रे!” पुतण्याने मान खाली घालून टाइप केलं. खिडकीत ओळ उमटली: टेबल 11 चं बिल रद्द करायचं आहे, करू? हो की नाही?

मावसभाऊ गल्ल्यापाशी बडीशेप चघळत उभे. वहिनींनी चष्मा लावला. ओळ शांतपणे वाचली, पुन्हा वाचली. मग एका बोटाने बटण दाबलं आणि प्रिंटरमधून करकरत आलेलं बिल फाडून पुढे केलं. “भावजी, सुटे असतील तर बरं होईल.”

भावजी फोन काढून क्यूआर कोड शोधायला लागले. तो त्यांच्या नाकासमोरच होता.