कुलवृत्तांत अडकलाय डिस्कमध्ये

"काकू, काल मध्यरात्रीपर्यंत दिवा चालू होता तुमच्याकडे. पाहुणे आलेत का?"

"पाहुणे कसले! ह्यांनी त्या जुन्या कॉम्प्युटरचं पोट फाडून ठेवलंय जेवणाच्या टेबलावर. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतोय. हा घे कढीपत्ता."

बदलापूरच्या बेलवलीत आता कुंपणावरून कढीपत्ता देण्याघेण्याची सोय फार कमी घरांना उरली आहे. आजूबाजूला इमारती चढताहेत आणि चौथ्या मजल्याला कुंपण नसतं. आमचं अजून आहे, म्हणून मला शेजारच्या बातम्या ताज्या मिळतात.

"बिघडलाय का?"

"बिघडला असता तर सुटले असते. धाकट्या दिरांच्या कॉम्प्युटरातली डिस्क आणलीय डोंबिवलीहून. त्यांनी आमच्या घराण्याचा अख्खा कुलवृत्तांत टाइप केला होता. ती ह्यांनी आत बसवली, तर ह्यांचं खोकं म्हणतं, अशी कोणी आलीच नाही!"

"मग मुलाच्या लॅपटॉपवर बघायचं ना."

"बघितलं की! मुलाने कुठलीशी वायर आणून लावली. फाइल दिसली, उघडलीसुद्धा. पण मराठीच्या जागी नुसती टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. ह्यांचं जुनं मराठीचं सॉफ्टवेअर या खोक्यातच, आणि प्रिंटरच्या भोकात ते लॉक खोचल्याशिवाय सुरूच होत नाही."

ते डोंगल. एकेकाळी लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा जीव त्यात असायचा. युनिकोड रुळायच्या आधी श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येकाचं अक्षरांचं गणित वेगळं होतं; ज्याचा फॉन्ट त्यालाच ते वाचता यायचं. त्यामुळे काकांनी ते खोकं जपलं यात मला काही वेडेपणा दिसत नाही. मी बदलापुरात एमएस-सीआयटीचा क्लास चालवायचे तेव्हा असलीच खोकी उघडायचे, म्हणून चौकशी सुरू केली.

"दुकानात दाखवली?"

"स्टेशनजवळच्या पोराने पाहिली. म्हणाला, काकी, मेली ही, नवीन घ्या. मला वाटलं पुरात भिजली असेल."

"पूर आपल्याकडे आला काकू, २००५ ला काय नि २०१९ ला काय. चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हाही ही डिस्क डोंबिवलीत कोरडीच असणार. आणि लॅपटॉपवर दिसली म्हणता, मग मेली कशी? फिरताना आवाज कसला येतो?"

"ह्यांनी चालू असतानाच उचलून कानाला लावली. घूं घूं करते म्हणाले."

"अहो, फिरती डिस्क हलवायची नसते! आत तबकडीवर केसाहूनही कमी अंतरावर तो हेड तरंगत असतो. टक् टक् असा आवाज नाही ना? तसा आला तर मात्र लगेच बंद करायची."

"नाही गं. घूं घूंच."

"मग तब्येत बरी आहे. पट्टी कशी आहे? रुंद, चाळीस भोकांची?"

"हो, करड्या रंगाची. एकाच पट्टीवर जुनी आणि नवी, दोन्ही."

"तिथेच घोळ. एका पट्टीवर एक मास्टर आणि एक स्लेव्ह लागते. मागे वायरींच्या मध्ये बारीक पिना असतात, त्यावर शेंगदाण्याच्या निम्म्या आकाराची टोपी, जंपर. ती कुठे बसवली यावर ठरतं. दिरांकडे ती एकटीच होती, म्हणजे मास्टर. ह्यांचीही मास्टर. एका घरात दोघी थोरल्या जावा. कोण कोणाला ओ देणार?"

"थांब, थांब. थोरलीचं नाव काढू नकोस, ते सांगते नंतर. आधी टोपीचं सांग."

"डिस्कच्या पाठीवर स्टिकर असतो, त्यात चित्र काढलेलं असतं. नव्या डिस्कची टोपी स्लेव्हच्या जागी. आणि जुनीचाही स्टिकर बघायचा, कारण काही डिस्कना 'एकटी' आणि 'मास्टर' या दोन वेगळ्या जागा असतात. एकटीच्या जागेवर ठेवून शेजारी दुसरी आणली, तर कधी दोन्ही गायब! प्लग भिंतीतून काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच हे करायचं."

"हे तर सांगून पाहते. त्या पोराने हे बघितलंच नसेल?"

"त्याच्या जन्माच्या आसपासची वस्तू आहे काकू, त्याचा काय दोष. दुसरं, सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जायचं. तिथे प्रायमरी स्लेव्हसमोर 'नन' लिहिलेलं असलं तर 'ऑटो' करायचं. कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून हौशी लोक तिथे नन करून ठेवतात."

"पुतण्या! मागच्या दिवाळीत तोच बोटं घालत होता. आणि ती तारीख? रोज २००२ दाखवतो."

"बटणासारखा सेल संपलाय, सीआर २०३२. घड्याळवाल्याकडे मिळतो. तो गेला की केलेल्या सेटिंग्जही विसरतो. डिस्क केवढी आहे?"

"एकशेसाठ लिहिलंय वर. ह्यांची चाळीसची."

इथे मात्र मी कढीपत्ता खाली ठेवला. जुन्या बायोसला पत्ता लिहायला २८ बिट मिळायचे, त्यात १३७ जीबीच्या पुढची जागा बसतच नाही. विंडोज एक्सपीलाही पुढचं नीट दिसायला २००२ मध्ये आलेला सर्व्हिस पॅक १ लागला. त्याआधीच्या खोक्यात अशी डिस्क अर्धवट दिसू शकते, आणि त्या अवस्थेत तिच्यावर लिहिलं तर हद्दीपलीकडचं लिखाण पुन्हा सुरुवातीला जाऊन बसतं, चांगल्या फाइलीच्या उरावर.

"म्हणजे काकांना सांगा, तिच्यात काही टाकायचं नाही, काही पुसायचं नाही. लॅपटॉपवर दिसते ना? मग तिथूनच फाइली सीडीवर उतरवा आणि सीडी खोक्यात घाला. डिस्क आत बसवायचा हट्टच कशाला?"

"हट्ट हा ह्यांचा स्वभाव आहे, आजार नाही, औषध नसतं. आणि बसवलीच समजा?"

"मग डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. कधी डिस्क असते, नुसतं अक्षर मिळालेलं नसतं, ते द्यायचं. पण 'इनिशिअलाइज करू का', 'फॉरमॅट करू का' असं विचारलं, तर नाही म्हणायचं. ठामपणे."

"ह्यांना 'येस' दिसलं की बोट जातंच. मी शेजारी बसते." काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि तारेला टेकल्या. "आता ऐक. त्या कुलवृत्तांतात थोरल्या जाऊबाईंच्या माहेराला अडीच पानं आहेत. आजोबा मामलेदार होते, म्हणे! माझ्या माहेराला किती आहे, हे दिरांनी मला शेवटपर्यंत दाखवलं नाही."

"एक ओळ असेल?"

"तेच बघायचंय. आज दुपारी हे कल्याणला जाताहेत. तू ये, ती टोपी सरकव, सीडीही आण. उघडलं की आधी माझं पान दाखव. आणि ते टाइप करायला तुला येतं ना गं अजून?"