पारा दिसत नाही

वज्रेश्वरीच्या ५२ पायऱ्या चढायच्या, देवीसमोर हात जोडायचे, मग अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं भिवंडी गाठायची, एवढाच आमचा दरवर्षीचा बेत. यंदा मात्र गेलो ते एका विज्ञानसंस्थेचा आजीव सभासद म्हणून. संस्थेची सहल म्हटली की बस ठरायच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो. नाव ‘क्षेत्रभेट वज्रेश्वरी ऑफिशियल’. ऑफिशियल अशासाठी, की अनऑफिशियल त्याआधीच निघाला होता आणि त्यात अध्यक्षांना घेतलं नव्हतं.

ग्रुपमध्ये माणसं ५३. पहिले दोन दिवस सुप्रभात झालं. तिसऱ्या दिवशी एसी बस हवी की साधी, यावर मतदान. एसी ३१, साधी १२, आणि उरलेल्या दहा जणांनी मत न देता पुन्हा सुप्रभात केलं.

कुंडावर एका निवृत्त प्राध्यापकांनी पिशवीतून तापमापी काढली तेव्हा माझा ऊर भरून आला. चला, कुणीतरी काहीतरी मोजतंय! त्यांनी वाकून ती पाण्यात धरली, शेजाऱ्यानं फोटो काढला, फोटो ग्रुपवर पडला. फोटोत सरांची पुष्कराजाची अंगठी लख्ख दिसत होती. पारा दिसत नव्हता. खाली ४४ जणांचे टाळ्यांचे हात. किती अंश भरले, हे एकानंही विचारलं नाही. कुंड कोणतं, हेही नाही. तानसेच्या काठानं अकलोलीपासून गणेशपुरीपर्यंत कुंडंच कुंडं आहेत. एकात बिनधास्त उतरावं, दुसऱ्यात बोट घालून हात झटकावा.

तेवढ्यात फॉरवर्ड आला. वज्रेश्वरीच्या पोटात जिवंत ज्वालामुखी आहे, परदेशी शास्त्रज्ञही थक्क, दहा जणांना पाठवा. ग्रुपमध्ये भूशास्त्राची दोन माणसं आहेत. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावला, पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि भेगेतूनच वर येतं, अशा झऱ्यांची रांग इथून थेट राजापूरपर्यंत गेली आहे, हे दोघांनाही झोपेत पाठ. दोघांनीही तो वाचला. दोघेही गप्प. फॉरवर्ड कार्याध्यक्षांचा होता ना!

आता जरा मागं जाऊ. १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. आठच माणसं, आमच्या ग्रुपला ॲडमिनच नऊ आहेत. महिन्यातून एकदा भेटायचं, पाहिलेलं सांगायचं, जमवलेलं दाखवायचं. पुढं फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यानं फोर्टातल्या आपल्या दुकानात जागा दिली. (विज्ञानाला दारूच्या दुकानाचा आसरा, हे आमच्या कार्यकारिणीत कुणी बोलू नये.) १८८६ पासून त्यांचं जर्नल. त्यात किरकोळ टिपणांचं एक सदर. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून लोक लिहीत: अमुक प्राणी, अमुक ठिकाणी, अमुक तारखेला, माप इतकं. खाली नाव आणि गाव. चुकलात तर पुढच्या अंकात दुसरा कुणी तुमचं माप काढायला मोकळा.

आणि दोष बिचाऱ्या मोबाइलचा नाहीच. पक्षी बघणारी पोरं त्याच मोबाइलवर ई-बर्ड चालवतात. ठिकाण, वेळ, संख्या भरा. भलताच पक्षी भलत्या ऋतूत नोंदवलात तर तपासनीस खुशाल विचारतो, नक्की का हो? फोटो आहे का? समोर शाळकरी मुलगा असो की निवृत्त कलेक्टर, प्रश्न तोच. आमच्या ग्रुपवर हा प्रश्न विचारायचा तर आधी वडिलकी बघायची, मग पुढच्या निवडणुकीचं पॅनल, मग सरांना काय वाटेल. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती सहचिटणीस आहे.

कुंडाजवळ एक मावशी नारळ-फुलं विकत बसल्या होत्या. तापमापीकडं बघून म्हणाल्या, “आत्ता काय मोजताय दादा? पावसात तानसा चढली का नदीचं पाणी आत शिरतंय. मग चार-आठ दिस नुसतं कोमट. नदी उतरली का परत चटका.”

“सगळ्याच कुंडांत शिरतं?”

“सगळ्यांत कसं शिरंल? ह्या खालच्यांत. ते वरचं वाचतंय.” आणि हात करून कोणतं ते दाखवलं.

दिवसभरातली ही पहिली नोंद, जिला जागा होती, काळ होता आणि कारणही. मी तिथंच उभ्या उभ्या टाइप केली: कुंड कोणतं, महिना कोणता, सांगणारी व्यक्ती स्थानिक विक्रेती, पडताळा बाकी, पावसाळ्यात पुन्हा येऊन मोजावं ही विनंती. पाठवली.

पाच मिनिटांनी ॲडमिनचा मेसेज आला, तोही खासगीत. “सर, ग्रुपवर कृपया फक्त सहलीसंबंधीच मेसेज टाकावेत. जेवण लागलं आहे.”